दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास केव्हा ठेवावा? प्रामाण्यवाद आणि संगणकाची सुरक्षितता

संगणकाची सुरक्षितता हा विषय सामान्यतः यंत्रशास्त्राच्या कक्षेत टाकला जातो आणि त्याची चर्चा कुलूप, भिंत, पहारा यांच्या परिभाषेत केली जाते. तथापि गेल्या पंचवीस-तीस वर्षांतील गाजलेले हल्ले आणि फसवणुकी पाहिल्या, तर त्यांतील पुष्कळांचा आरंभ कुलूप फोडण्यापासून झालेला नाही. ई-मेलमधील एखादा दुवा, फोनवरील एखादा आवाज किंवा पडद्यावर उमटलेली एखादी सूचना खरी मानली गेली आणि दार आतूनच उघडले गेले. यंत्राचा प्रश्न जेथे संपतो असे वाटते, तेथे एक जुना तात्त्विक प्रश्न उभा राहतो: दुसऱ्याचा शब्द प्रमाण मानण्याचा अधिकार माणसाला केव्हा प्राप्त होतो, आणि तो शब्द न पडताळता स्वीकारणे हा विवेक की अविवेक? भारतीय दर्शनांनी या प्रश्नाची चर्चा प्रामाण्यवाद या नावाखाली हजाराहून अधिक वर्षे केली. त्या चर्चेच्या केंद्रस्थानी वेदवाक्ये होती आणि तिचा हेतू धर्मनिर्णयाचा होता. तरीही तिच्यातून निघालेली एक कसोटी संगणकावरील आजच्या व्यवहाराला नेमकी लागू पडते, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

प्रामाण्य म्हणजे ज्ञानाचा खरेपणा, आणि तो कोठून येतो व कसा कळतो याविषयीचा वाद म्हणजे प्रामाण्यवाद. मीमांसक, म्हणजे मीमांसादर्शनाचे अनुयायी, स्वतःप्रामाण्य मानतात. त्यांच्या मते ज्ञान उत्पन्न होते तेव्हाच ते आपले प्रामाण्य बरोबर घेऊन येते आणि खोटेपणा तेवढा बाहेरून सिद्ध व्हावा लागतो. सातव्या शतकातील कुमारिल भट्टांनी ‘श्लोकवार्तिका’त हे मत मांडताना ज्ञान खोटे ठरण्याचे दोन मार्ग सांगितले. पहिला मार्ग बाधकज्ञानाचा, म्हणजे नंतर झालेल्या विरोधी ज्ञानाने आधीचे ज्ञान रद्द होण्याचा. दुरून चांदी वाटलेली वस्तू जवळ गेल्यावर शिंपला असल्याचे कळते, तो या प्रकारचा अनुभव होय. दुसरा मार्ग कारणदोषज्ञानाचा, म्हणजे ज्या साधनाने ज्ञान झाले ते साधनच सदोष होते असे कळण्याचा. कावीळ झालेल्याला पांढरा शंख पिवळा दिसतो आणि दोष डोळ्यांत असल्याचे त्याला मागाहून उमगते. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, परतःप्रामाण्य मानतात. ज्ञान होणे ही एक गोष्ट आणि ते खरे आहे असे कळणे ही दुसरी, आणि ही दुसरी गोष्ट वेगळ्या अनुमानानेच सिद्ध होते, असा त्यांचा सिद्धांत आहे.

दोन्ही पक्षांना शब्द हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन म्हणून मान्य आहे, कारण दुसऱ्याच्या सांगण्यावर काहीच मानायचे नाही असे ठरवले तर स्वतःची जन्मतिथीही कोणाला सांगता येणार नाही. न्यायदर्शनात आप्ताचे, म्हणजे विश्वसनीय वक्त्याचे, वचन हे शब्दप्रमाण मानले आहे. आणि भाष्यकार वात्स्यायनांनी आप्त कोणाला म्हणावे हे सांगताना दोन अटी घातल्या आहेत. वक्त्याला विषयाचे साक्षात ज्ञान असले पाहिजे आणि जे जसे कळले तसेच सांगण्याची त्याची इच्छा असली पाहिजे. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखेच लागू पडते, असेही ते स्पष्ट करतात. म्हणजे पद, वंश किंवा वेश यांवर आप्तत्व अवलंबून नाही. याला जोडून परंपरेने मानवी वचनातील चार दोष गणले आहेत: भ्रम म्हणजे वक्त्याचीच चुकीची समजूत, प्रमाद म्हणजे निष्काळजीपणा, विप्रलिप्सा म्हणजे फसवण्याची इच्छा, आणि करणापाटव म्हणजे साधनांची अक्षमता. वेद हे अपौरुषेय, म्हणजे कोणत्याही कर्त्याने न रचलेले, असल्यामुळे हे दोष त्यांना शिवू शकत नाहीत, असा मीमांसकांचा युक्तिवाद होता.

या युक्तिवादातील वेदविषयक भाग स्वीकारावा की नाही हा निराळा प्रश्न आहे; परंतु त्यात अनुस्यूत असलेले मानसशास्त्र विचारात घेण्यासारखे आहे. बोलणारा कोणी नाही असे वाटले की फसवणुकीची शंकाही मनात येत नाही. संगणकाच्या पडद्यावरील मजकुराला नेमका हाच आभास लाभलेला असतो. ‘खाते बंद होणार आहे’ किंवा ‘संगणकात विषाणू सापडला आहे’ अशी सूचना दिसते, तेव्हा ती कोणीतरी माणसाने, काही हेतू मनात धरून लिहिली असेल हे लक्षात येत नाही, कारण ती यंत्रणेची वाणी वाटते आणि यंत्राला स्वार्थ नसतो हे सर्वांनाच माहीत असते. बाजारात अनोळखी माणसाने अंगठी विकायला काढली तर सावध होणारा गृहस्थ पडद्यावरील अनामिक आज्ञा निमूटपणे पाळतो, याचे कारण त्याचा भाबडेपणा नव्हे. वक्ता अदृश्य असल्याने विप्रलिप्सेची कल्पना करण्यास त्याला आधारच मिळत नाही. म्हणून संगणकासंबंधीच्या सावधगिरीची पहिली पायरी ही की पडद्यावरील प्रत्येक मजकूर पौरुषेय आहे, त्याला कर्ता आहे आणि त्या कर्त्याला हेतू आहे, हे गृहीत धरणे.

आता नैयायिकांची कसोटी पाहू. ज्ञान खरे की खोटे हे त्यांच्या मते प्रवृत्तीच्या सफलतेवरून कळते. पाणी समजून जवळ गेल्यावर तहान भागली तर ते ज्ञान खरे, न भागली तर ते मृगजळ. परंतु प्रत्येक वेळी आधी कृती करून मग निर्णय करणे शक्य नसते, म्हणून त्यांनी दोन अवस्थांत भेद केला. अपरिचित विषयात, म्हणजे अनभ्यासदशेत, कृतीच्या फळावरून निर्णय होतो. परिचित विषयात, म्हणजे अभ्यासदशेत, हे ज्ञान पूर्वी खऱ्या ठरलेल्या ज्ञानांच्याच जातीचे आहे या साम्यावरून तो आधीच करता येतो. या साम्याला तज्जातीयत्व म्हणतात. व्यवहारातील बहुतेक विश्वास याच आधारावर उभा असतो आणि बहुतेक ठगांची विद्याही याच आधारावर चालते. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून निघून जगभर पसरलेला ‘आय लव्ह यू’ हा संगणक-किडा ई-मेलद्वारे ओळखीच्याच माणसांकडून येत असे, कारण लागण झालेल्या संगणकातील पत्त्यांच्या वहीतून तो स्वतःला पुढे पाठवी; त्याला जोडलेल्या फाइलीच्या नावातील शेवटचा भाग विंडोज प्रणाली नेहमीच्या रचनेत लपवीत असल्याने ती फाइल साध्या मजकुराची वाटे, पण प्रत्यक्षात तो चालू होणारा प्रोग्राम असे. प्रेषक परिचित आणि फाइलही परिचित जातीची, म्हणजे अभ्यासदशेतील दोन्ही साम्ये तेथे हजर होती.

बँकेच्या किंवा सरकारी कार्यालयाच्या नावाने बनावट निरोप पाठवून गुप्त माहिती काढून घेण्याच्या प्रकाराला फिशिंग म्हणतात, आणि त्याचा सगळा भर रंग, बोधचिन्ह, भाषा, मांडणी अशा वरवरच्या साम्यावर असतो. अलीकडे संगणकाकडून आवाजाची नक्कल करून घेता येऊ लागल्यामुळे परिचित स्वर ही खूणही भरवशाची राहिलेली नाही. साम्य आणि लक्षण यांतील भेद येथे निर्णायक ठरतो: साम्य अनेकांत आढळते, लक्षण त्या एकाच वस्तूत आढळते. संकेतस्थळाचे लक्षण त्याच्या पत्त्यात असते, आणि त्या पत्त्यातही पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगेच आधी येणारा शेवटचा भाग कोणाचा आहे यावर मालकी ठरते. बँकेचे नाव त्यापूर्वी कितीही वेळा घातलेले असले तरी त्याला अर्थ नसतो. पासवर्ड जपून ठेवणारा प्रोग्राम, म्हणजे पासवर्ड मॅनेजर, या बाबतीत माणसापेक्षा चांगला नैयायिक ठरतो. पान हुबेहूब दिसते की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नसते. पत्ता अक्षरशः जुळला तरच तो पासवर्ड भरतो, आणि तो भरत नाही हीच फसवणुकीची सूचना असते.

मग सर्वच बाबतींत परतःप्रामाण्याचा अवलंब का करू नये? संगणकशास्त्राने काही प्रमाणात हाच मार्ग धरला आहे. २०१० मध्ये जॉन किंडरव्हाग यांनी रूढ केलेली आणि ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने मार्गदर्शिकेच्या रूपाने मांडलेली ‘झिरो ट्रस्ट’ ही भूमिका असे सांगते की, संस्थेच्या अंतर्गत जाळ्यात आहे एवढ्यावरून कोणत्याही यंत्रावर किंवा व्यक्तीवर विश्वास ठेवू नये, प्रत्येक मागणी स्वतंत्रपणे तपासावी. परंतु मीमांसकांनी नैयायिकांवर घेतलेला जुना आक्षेप येथेही उपस्थित होतो: पहिल्या ज्ञानाचे प्रामाण्य दुसऱ्याने ठरवायचे तर दुसऱ्याचे कोणी ठरवायचे? या कधीही न संपणाऱ्या साखळीला अनवस्था म्हणतात. संकेतस्थळाचा खरेपणा एका डिजिटल प्रमाणपत्रावरून ठरतो, त्या प्रमाणपत्रावर वरच्या संस्थेची सही असते, तिच्यावर आणखी वरच्या संस्थेची. आणि ही साखळी ज्या मूळ प्रमाणपत्रापाशी थांबते, त्यावर त्याची स्वतःचीच सही असते. पडताळणीच्या या काटेकोर व्यवस्थेचा पाया अखेर स्वतःप्रामाण्याचाच आहे.

तो पाया खचला तर काय होते हे २०११ मध्ये दिसून आले. डिजिनोटार या नेदरलँड्समधील प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेत घुसखोरी झाली, गूगलच्या नावाने बनावट प्रमाणपत्र काढण्यात आले आणि त्याचा वापर मुख्यतः इराणमधील वापरकर्त्यांविरुद्ध झाला; ब्राउझरांनी त्या संस्थेला विश्वसनीयांच्या यादीतून वगळले आणि त्याच वर्षी तिचे दिवाळे निघाले. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या हल्ल्याचे स्वरूपही तात्त्विकदृष्ट्या याच जातीचे होते. एटीएममधून पैसे द्यावेत की नाही हे विचारण्यासाठी जी मध्यस्थ यंत्रणा असते, तिच्या जागी हल्लेखोरांनी बनावट यंत्रणा उभी केली. त्यामुळे २८ देशांतील एटीएम-यंत्रांनी रीतसर चौकशी केली, त्यांना रीतसर होकार मिळाला आणि सुमारे ८० कोटी रुपये बाहेर गेले. तेथे पडताळणी झाली होती; खोटा होता तो साक्षीदार. युनिक्स प्रणालीचे एक जनक केन टॉम्प्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्कार-व्याख्यानात याहून खोल शंका उपस्थित केली होती. मानवाने लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलरच दूषित असेल, तर मूळ प्रोग्राम ओळीओळीने तपासूनही चोरवाट सापडणार नाही. म्हणून यंत्रावरचा विश्वास अंती ते घडवणाऱ्या माणसांवरचा विश्वास ठरतो.

याचा अर्थ सर्वांवर संशय घ्यावा असा होत नाही. प्रकट न झालेल्या बाधकाची उगाच कल्पना करीत बसणारा मनुष्य सर्व व्यवहारांत संशयी होऊन नाश पावतो, असा इशारा कुमारिलांच्या नावे सांगितला जातो. आणि तीन-चार ज्ञानांपलीकडे पडताळणी नेण्याची गरज नसते, असे त्यांचे मत आहे. दहाव्या शतकातील नैयायिक उदयनाचार्यांनीही शंकेला मर्यादा घातली: जी शंका घेतल्याने शंकेखोराच्या स्वतःच्याच वर्तनाशी विरोध उत्पन्न होतो, तेथे ती थांबते. भूक लागल्यावर जेवणारा माणूस अन्नाने भूक भागेल का अशी शंका बोलून दाखवू शकतो, पण ती खरोखर धरू शकत नाही. प्रत्येक निरोपाकडे संशयाने पाहणारा समाज सुरक्षित होत नाही, तो फक्त थकतो. आणि थकलेल्या संशयाचा शेवट बहुधा न वाचताच ‘मान्य आहे’ या शब्दांवर बोट ठेवण्यात होतो.

या पेचातून वाट दाखवणारे विवेचन नवव्या शतकातील काश्मीरचे नैयायिक जयंत भट्ट यांच्या ‘न्यायमंजरी’त आढळते. त्यांच्या मते ज्यांचे फळ दृष्ट आहे अशा नित्याच्या व्यवहारांत माणूस प्रामाण्याचा निश्चय न करताही प्रवृत्त होतो, आणि त्यात काही बिघडत नाही. परंतु ज्या वैदिक कर्मांचे फळ अदृष्ट आहे आणि ज्यांना अमाप द्रव्य व कष्ट लागतात, त्यांत प्रामाण्य निश्चित केल्यावाचून विचारी माणसाने पाऊल टाकणे योग्य नाही. जयंतांसमोर यज्ञाचा खर्च होता. तरी पडताळणीचे प्रमाण शब्दाच्या रूपावर न ठरवता त्या शब्दाने मागितलेल्या कृतीवर ठरवावे, हा त्यातील नियम यज्ञापुरता मर्यादित नाही. हवामानाचा अंदाज सांगणारा निरोप न तपासता मानला तर फार तर छत्री वाया जाते. पैसे पाठवणे, एका व्यवहारापुरता दिलेला गुप्त अंक म्हणजे ओटीपी सांगणे, दुसऱ्याला आपला संगणक दुरून चालवू देणारे ॲप उतरवून घेणे, या कृती मात्र परत फिरवता येत नाहीत. पाठवलेली रक्कम क्षणात पोहोचते आणि तेथून अनेक खात्यांत विखुरली जाऊ शकते. अशा कृतीपूर्वीची पडताळणी स्वतंत्र मार्गाने व्हावी लागते. फोन करणाऱ्यानेच दिलेल्या क्रमांकावर चौकशी केली तर न्यायशास्त्रात ज्याला आत्माश्रय म्हणतात तो दोष घडतो, कारण तेथे शब्द स्वतःचीच साक्ष देतो. बँकेच्या कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर स्वतःहून केलेला फोन ही खरी दुसरी साक्ष होय.

‘डिजिटल अरेस्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फसवणुकीत या सर्व विवेचनाची परीक्षा होते. पोलिसांच्या गणवेशातील माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, समोरच्याचे नाव एखाद्या गंभीर गुन्ह्यात आल्याचे सांगतो आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत कॉल बंद करू नये, घरच्यांना काही सांगू नये, असे बजावतो. भारतीय कायद्यात अशा अटकेची तरतूदच नाही, आणि २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून याविषयी देशाला सावध केले होते. गणवेश आप्तत्वाची एकही अट पुरी करीत नाही, हे वात्स्यायनांच्या लक्षणावरून स्पष्ट होते. त्याहून महत्त्वाची आहे ती एकांताची सक्ती. स्वतःप्रामाण्याने चालणारे मन बाधकज्ञान होताच सावरते, म्हणून ठगाची सारी शक्ती ते बाधकज्ञान पोहोचू न देण्यात खर्च होते. मुलाचा एक फोन, शेजाऱ्याचा एक प्रश्न किंवा दहा मिनिटांची उसंत त्याचा डाव उधळू शकते. यावरून एक नियम काढता येतो: जो शब्द पडताळणीला मनाई करतो, तो त्या मनाईनेच आपला कारणदोष उघड करतो. सत्य बोलणाऱ्याचे दुसऱ्या साक्षीने काही बिघडत नाही. घाई, भीती आणि गुप्तता ही तिन्ही एकत्र आली की मजकूर न तपासताही वक्त्याविषयी निर्णय करता येतो.

कारणदोषाचा विचार स्वतःच्या साधनालाही लागू होतो. दूषित संगणक हा काविळीच्या डोळ्यासारखा असतो. त्यातून दिसणारी खात्यावरील शिल्लकसुद्धा खरी असेलच असे नाही. १२ मे २०१७ रोजी पसरू लागलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरातील संगणकांमधील फाइली कुलूपबंद केल्या आणि ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत केले. तो ज्या उणिवेतून घुसला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये उपलब्ध करून दिली होती. येथे विप्रलिप्सा हल्लेखोरांची होती, पण तिला वाट मिळाली ती प्रमादातून, आणि काही ठिकाणी दुरुस्त्या मिळणे बंद झालेल्या जुन्या प्रणालींच्या करणापाटवातून. प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करणे, महत्त्वाच्या फाइलींची प्रत संगणकापासून अलग ठेवणे आणि प्रवेशासाठी पासवर्डखेरीज दुसरी खूण मागणे या गोष्टी म्हणूनच केवळ तांत्रिक नियम नाहीत. ज्ञानाचे साधन शुद्ध ठेवण्याची ती कर्तव्ये आहेत, आणि ती विश्वासाच्या प्रश्नाआधी येतात.

शेवटी दोष कोणाचा हा नैतिक प्रश्न उरतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार त्रयस्थाच्या घुसखोरीने गेलेल्या रकमेची तक्रार ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत केली तर त्याच्यावर दायित्व येत नाही; परंतु गुप्त माहिती स्वतःच देण्यासारख्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्यालाच सोसावा लागतो. व्यवहाराच्या दृष्टीने ही विभागणी समजण्यासारखी असली, तरी प्रमाद आणि विप्रलिप्सेला बळी पडणे यांतील सीमारेषा तीत पुसट होते. शब्दावर विश्वास ठेवणे हा मनाचा दोष नसून ज्ञानाचा सामान्य नियम आहे, आणि फसलेल्याला मूर्ख ठरवणारा समाज त्याला लाजेने गप्प बसवतो. १९३० या राष्ट्रीय मदत-क्रमांकावर ताबडतोब कळवण्याचा वेळ अशा लाजेतच वाया जातो. आप्ताच्या दोन अटी वक्त्यावर घातलेल्या आहेत, श्रोत्यावर नव्हेत, हे येथे विसरता येत नाही. बँकांनी आपली संकेतस्थळे केवळ त्यांच्यासाठी राखलेल्या ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत न्यावीत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश याच दिशेचा होता, कारण त्यामुळे वरवरच्या साम्याऐवजी सहज नक्कल न होणारे लक्षण ग्राहकाच्या हाती येते. ग्राहकाला अनोळखी क्रमांकावरून फोन करून त्याची जन्मतारीख विचारणारी संस्था मात्र त्याला ठगाच्या स्वाधीन होण्याचीच सवय लावते. तिने ग्राहकाच्या अविवेकाविषयी तक्रार करण्यापूर्वी आपण आप्त म्हणवून घेण्यास पात्र आहोत का, हे तपासून पाहणे न्याय्य ठरेल.